सोळा इंचांवर एक पायरी

आमच्या शिकारीच्या कॅम्पात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो खोडायचीही सोय नाही. ज्याला मचाणावर चढता येत नाही त्याने चूल सांभाळायची.

पंधरा नोव्हेंबरला पंधरा दिवसांची हरणाची शिकार सुरू होते. त्या दिवशी सहा माणसं बंदुका घेऊन जंगलात जायची आणि सातवा आत राहून बटाटे सोलायचा. आमचा सातवा म्हणजे व्हर्न. कंबर गेली म्हणून एका वर्षी तो 'यंदापुरता' चुलीपाशी बसला आणि पुढची आठ वर्षं तिथून उठला नाही. जंगलात येऊ नकोस असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. दर वर्षी आम्ही फक्त धरून चाललो की व्हर्न आहे, जेवण होईल. मे महिन्यात व्हर्न वारला. त्याला पुरून परत येताना गाडीत आमच्यातलाच डेनी लाफ्लूर म्हणाला, "मग आता रस्सा कोण करणार?" मागच्या सीटवर माझा भाऊ ऑर्व्हल बसला होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी इतकं ठरवून बघितलं नाही की त्याला ते कळलं.

ऑर्व्हल एकाहत्तर वर्षांचा आहे, मी सहासष्टचा. आम्ही दोघांनी चाळीस वर्षं घरांचे सांगाडे उभे केले. मिशिगनच्या या वरच्या टोकाला सरोवराच्या काठाने जी मोठाली लाकडी घरं दिसतात, दोन मजली काचांची, ज्यांत वर्षातले तीन आठवडे माणूस राहतो, त्यांतली साठ तरी आमच्या हातची असतील. त्यांतल्या एकाही मालकाला ऑर्व्हलचं नाव सांगता येणार नाही. ऑर्व्हलच्या गुडघ्यांना मात्र साठही घरं पाठ आहेत. छपरांवर गुडघे टेकून टेकून उजव्यात काही उरलेलं नाही. डाव्याचा फोटो बघून डॉक्टर नुसता "हं" म्हणाला. मेहनतीने शरीर घडतं असं सांगणारी माणसं मी खूप ऐकली. त्यांतल्या एकानेही कधी ओलं प्लायवूड शिडीवरून वर नेलेलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑर्व्हल माझ्या शेडसमोर ट्रक लावून उभा राहिला. मागे लाकूड भरलेलं होतं.

"दोन बाय चार इंची आहेत, सोळा फुटी," तो म्हणाला. "पायऱ्यांना आखूड वेगळे आणलेत. सगळं औषध मारलेलं आहे, कुजणार नाही."

"काय करायचंय?"

"मचाण. शिडीचं."

"दुकानात लोखंडी मिळतं. दोन तासांत उभं राहतं."

"त्याला चौदा सूचना चिकटवलेल्या असतात. आणि ते वाजतं. नाक खाजवलं तरी हरणाला ऐकू जातं."

"तुझं जुनं काय झालं?"

"जुन्याला खोडावर फळ्या ठोकल्यात. सरळ उभ्या. गेल्या वर्षी तिसऱ्या फळीवर मी पंचवीस मिनिटं उभा होतो."

हे मला माहीत नव्हतं. "वर जात होतास की खाली येत होतास?"

"तेच ठरवत होतो."

त्याने एवढं सांगितलं आणि लाकूड उतरवायला लागला. मी समजलो. पंधरा तारखेला तो मचाणावर दिसला तर शिकारी, नाही दिसला तर सैपाकी. आणि एकदा सैपाकी झाला की मरेपर्यंत सैपाकी.

आम्ही लाकूड कापायचे घोडे मांडून त्यांवर दोन लांब दांडे टाकले होते तेवढ्यात आर्डिस आली. आर्डिस म्हणजे ऑर्व्हलची बायको, माझी वहिनी. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. मागच्या बाकावर कोण काय करतंय हे तिला मान न वळवता कळतं.

"काय चाललंय?"

"पक्ष्यांचं घर," ऑर्व्हल म्हणाला.

"सोळा फुटी पक्षी?"

"आठ फुटी. जोडपं आहे."

ती हसली नाही. माझ्याकडे वळली. "लाईल, मला एवढंच सांग. हा वरून पडला तर तू उचलशील?"

"माझा खांदा वर जात नाही, आर्डिस."

"मला माहितीये जात नाही. म्हणून तर विचारतेय." मग त्याच्याकडे. "जेवण करायला काय धाड भरलीय तुला? उबेत बसायचं, रेडिओ ऐकायचा. लोक यासाठी पेन्शन घेतात."

"व्हर्नला विचार कसं वाटतं ते."

"व्हर्न मेला."

"तेच म्हणतोय."

आर्डिसने हातातली टोपली माझ्या बाकावर ठेवली. फडक्यात गुंडाळलेल्या दोन पास्ट्या होत्या, मांस, बटाटा, कांदा भरलेल्या, बुक्कीएवढ्या. "गरम आहेत तोवर खा," ती म्हणाली. "आणि त्याला सुरक्षेचा पट्टा बांध. घातला नाही तर मला फोन कर." जाताना तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही काम केलं. गेल्या काही वर्षांत मला जे थोडे चांगले तास मिळाले त्यांतला तो एक होता, हे मी लपवत नाही. दोन्ही दांडे शेजारी शेजारी, माझ्या हातात टेपचं टोक, त्याच्या कानावर पेन्सिल. तो आकडे म्हणत होता आणि मी खुणा करत होतो. सोळा. बत्तीस. अठ्ठेचाळीस. चौसष्ट. ऐंशी. शहाण्णव. चाळीस वर्षं हेच आकडे याच चालीत. आम्हाला विचार करायला लागत नव्हता, आणि विचार न करण्यात जी विश्रांती असते ती झोपेतही मिळत नाही. प्रत्येक खुणेवर मी अर्धा इंच खोल खाच पाडली, पायरी तीत बसवली, खालून ठोकळा दिला. वजन स्क्रूवर येऊ द्यायचं नाही, लाकडावर येऊ द्यायचं. स्क्रू फक्त लाकूड जागेवर धरायला. ऑर्व्हलने वरची बैठक केली, तिच्यावर जुन्या गालिच्याचा तुकडा ठोकला, बुटांचा आवाज नको म्हणून. बंदूक टेकायला समोर आडवी फळी. पास्ट्या गार झाल्या आणि आम्ही त्या गारच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमागे लावून मचाण जंगलात नेलं. जागा ऑर्व्हलची ठरलेली होती, दलदलीच्या काठावरचा मेपल, दोन माणसांच्या कवेत बसेल एवढा. दोरीने ओढून, खाली लोखंडी पहार अडकवून, शिव्या देत आम्ही ते उभं केलं. वर बारा फुटांवर बैठक. खोडाला तीन पट्टे आवळले. मी हलवून पाहिलं, हललं नाही. काम चोख होतं. ते मी आजही म्हणेन.

ऑर्व्हलने पट्टा अंगात चढवला. दोन्ही हातांनी दांडे धरले. डावा पाय उचलला.

पाय पहिल्या पायरीपर्यंत गेला नाही.

त्याने पुन्हा उचलला. बुटाचं टोक पायरीच्या चार इंच खाली लाकडावर घासलं. मग उजवा. उजवा तर नडगीच्या वर गेलाच नाही. तो दांडे धरून तसाच उभा राहिला, कपाळ दोन हातांच्या मध्ये, जसा बसमध्ये माणूस झोपेला येतो तसा.

"किती आहे रे ही?" त्याने मान न उचलता विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. त्यालाही होतं.

ज्यांनी कधी घर बांधलेलं नाही त्यांना सांगतो. आमच्याकडच्या टेपवर दर सोळा इंचांवर एक लाल चौकोन छापलेला असतो, कारण भिंतीतले उभे वासे सोळा-सोळावर लागतात. नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात, मोजू नकोस, लाल दिसला की खूण कर. आम्ही शिडीला तेच केलं. म्हाताऱ्या, गुडघे गेलेल्या माणसासाठी शिडी करायला बसलो आणि त्याच माणसाने स्वतः आकडे म्हटले, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही भिंत नाही, हिच्यावर ऑर्व्हलला चढायचंय. माझ्या हाताला भावाचा गुडघा आठवला नाही. कुणा परक्याची भिंत आठवली. मला त्या टेपचा इतका संताप आला की तो दलदलीत भिरकावून द्यावा. दिला नाही, कारण टेप चांगला आहे.

"मध्ये एकेक पायरी घालू," मी म्हणालो. "आठ होईल."

"आठ म्हणजे जिना झाला."

"मग जिना म्हण."

दोन दिवसांनी लाकूड घेऊन परत गेलो. दांड्यांना आणखी खाचा पाडल्या असत्या तर ते कमजोर झाले असते, म्हणून मधल्या पायऱ्या नुसत्या ठोकळ्यांवर बसवल्या. सगळं उभ्या शिडीवर, मी चढून. माझ्या खांद्याने त्या दिवशी मला जे जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता एकूण सतरा पायऱ्या झाल्या.

ऑर्व्हल चढला. एका पायरीवर दोन्ही पाय, थांबायचं, पुढची. लहान मूल जिना चढतं तसं. पण चढला. वर जाऊन बसला, पट्ट्याची कडी खोडाला अडकवली, हात मांडीवर ठेवले. 

"इथून अख्खा काठ दिसतो," तो वरून म्हणाला. "बीवरांनी फांद्या रचून घातलेला तो पडका बांध पण दिसतो. जुन्यावरून दिसत नव्हता."

"हरणं?"

"वाट आहे त्यांची. ताजी आहे." त्याचा आवाज तरुण झाला होता. मला त्याचा तो आवाज आवडला नाही, कारण खाली उतरायचं बाकी होतं.

चढताना माणूस हातांनी स्वतःला ओढून घेऊ शकतो. उतरताना तसं नसतं. एक गुडघा वाकवून त्यावर सगळं वजन तोलायचं, आणि दुसऱ्या पायाने खालची पायरी आंधळ्यासारखी शोधायची. ऑर्व्हलचा उजवा वाकत नव्हता आणि डावा वाकला की सुटत होता. वरून दुसऱ्या पायरीवर तो थांबला. दांड्यावर त्याची बोटं पांढरी झालेली मला खालून दिसली.

मी त्याच्यामागे चढलो. त्याच्या कमरेखाली माझं डोकं. त्याचा बूट हातात धरला आणि खालच्या पायरीवर ठेवला.

"आता?"

"आता डावा सोड."

"हा डावाच आहे."

"मग दुसरा डावा."

"लाईल, मी पडलो तर तुझ्यावर पडेन."

"कळतंय मला."

"नाही, सांगून ठेवलं. एकशे दहा किलो आहे मी."

"आर्डिस पंच्याण्णव सांगते."

"आर्डिससमोर मी कोट काढून वजन करतो."

उरलेल्या पंधरा पायऱ्या. प्रत्येक वेळी बूट धरायचा, लाकडावर टेकवायचा, थोपटायचा, मग तो वजन टाकणार. घड्याळ बघितलं नाही, पण उन्हाचा तुकडा खोडावरून पुढच्या झाडावर गेला. जमिनीवर आलो तेव्हा दोघंही पानांतच बसलो. त्याने टोपीने तोंड पुसलं. मी दुसरीकडे बघितलं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "नियम चढण्याचा आहे. उतरण्याबद्दल त्यात काही नाही."

"मग काय, तिथेच राहणार? पंधरा दिवस?"

"तू खायला आणून देशील. आणि दुपारी असाच..." त्याने माझ्या हातांकडे बघितलं.

तेव्हा मी ते बोललो. हसून बोलायला हवं होतं, तसं बोललो नाही. "नाही ऑर्व्हल. मी दमलोय. तुझा बूट मी आणखी एकदाही धरणार नाही. मलाही एक मचाण आहे, आणि त्यावर मीसुद्धा किती वर्षं चढणार आहे देव जाणे. पंधरा तारखेला मला तुझं ओझं नकोय."

तो दांड्याला धरून उठला. ट्रॅक्टरवर माझ्याकडे पाठ करून बसला. घरी सोडला तेव्हा दार उघडून आत गेला आणि दिवाही लावला नाही.

मी माफी मागायला फोन करणार होतो. करणार होतो म्हणजे केला नाही. माझं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्या बोलण्याची माफी कशी मागतात ते मला अजून जमलेलं नाही.

चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला. "करवत घेऊन ये."

मी गेलो तर तो मेपलखाली उलट्या बादलीवर बसला होता. खालचा पट्टा त्याने आधीच सैल केला होता.

"खाली घेऊ," तो म्हणाला. "आणि कापू."

"किती ठेवायची?"

"पडलो तर मरणार नाही एवढी."

"ती तर जमिनीवरच येते."

"मग त्याच्यापेक्षा जरा वर."

आम्ही मचाण आडवं केलं. त्याने टेप लावला, या वेळी लाल चौकोनांकडे न बघता, आणि स्वतःच्या खांद्याशी उभा धरून एक खूण केली. पाच फूट. पाच फुटांवरून दलदलीचा काठ दिसत नाही, बांध तर नाहीच. पाच फुटांवर माणसाचा वास सरळ हरणाच्या नाकात जातो, आणि तुम्ही मान वळवलीत की ते बघतं. हे मला त्याला सांगायची गरज नव्हती. करवत त्याने स्वतः चालवली. सात फूट धडधाकट शिडी पानांत पडली, आमच्या हातची, चोख, आणि त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

उरलेली शिडी आम्ही जास्त तिरकी लावली. पायऱ्या रुंद केल्या, दोन्ही बाजूंना कठडा दिला. ऑर्व्हलने युक्ती शोधून काढली होती. वर जायचं तोंड झाडाकडे करून, खाली यायचं बसून. एका पायरीवर बूड टेकायचं, हाताने कठडा धरून पुढच्या पायरीवर घसरायचं. त्याने मला करून दाखवलं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी मी त्याच्याकडे सरळ बघू शकलो.

"आर्डिसला दाखवलंस?"

"तिचीच कल्पना आहे," तो म्हणाला. "पोरं बसमधून अशी उतरायची म्हणे, बर्फाच्या दिवसांत."

चौदा तारखेला सगळे कॅम्पात जमलो. व्हर्न गेल्यावर आता सहाच. डेनी दुपारी फिरून आला तोच हसत.

"दलदलीजवळ न्हाव्याची खुर्ची कुणी ठेवलीय? हरणाची दाढी करायचीय का?"

"तू ये," ऑर्व्हल म्हणाला. "आधी तुझी करतो."

बाकीचे हसले. डेनीने बिअर उघडली आणि मग हसणं जरा बाजूला ठेवलं. "नाही, पण ऑर्व्हल, खरंच. ते मचाण नाही. ते फर्निचर आहे. नियम आपला तू जाणतोस. आणि आम्ही कुणी तुला कमी लेखत नाही. चूल काय कमी मानाची आहे?"

"जमिनीवरून पाय सुटला की मचाण."

"म्हणजे मी टेबलावर उभा राहिलो तर?"

"तर तू डेनी. टेबलावर पण डेनीच."

"मग उद्या रस्सा कोण करणार?"

ऑर्व्हल माझ्याकडे बघत नव्हता, म्हणून मीच बोललो. "डेनी, तुला दोन हात आहेत. भूक लागली की वापर." ते मी मोठेपणाने बोललो नाही. मला झोप येत होती आणि हे बोलणं संपावं एवढंच हवं होतं.

पंधरा तारीख. माझं मचाण ऑर्व्हलच्या पूर्वेला तीनशे पावलांवर. उजाडलं, गारठा हाडात उतरला, दूर कुठे कुठे बार झाले. त्याच्या बाजूने एकही नाही. नऊ वाजता नाही, अकरा वाजता नाही. मी अर्धा वेळ हरणाची वाट बघत होतो आणि अर्धा वेळ किंकाळीची.

दुपारी एकेक जण कॅम्पात परतला. आत अंधार, शेगडी थंड, टेबलावर काल रात्रीचे कप. आम्ही पाच जण बाकांवर बसून बूट सैल करत होतो. ऑर्व्हल शेवटी आला. दार उघडून वळून लावलं तेव्हा त्याच्या पँटच्या मागच्या बाजूला चिखल आणि पानं चिकटलेली सगळ्यांना दिसली. सगळ्यांनी बघितली.

"काही दिसलं?" डेनीने विचारलं.

"दोन माद्या. एक इतकी जवळून गेली की तिच्या नाकातली वाफ दिसली."

"मग?"

"मादीचा परवाना नाही माझ्याकडे."

"नर?"

"नराने मला आधी बघितलं," ऑर्व्हल म्हणाला. "पाच फुटांवरून बघतोच तो."

तो टेबलाशी बसला, हात टेबलावर ठेवले, आणि आमच्यासारखाच जेवणाची वाट बघायला लागला. डेनीने शेगडीकडे बघितलं, मग ऑर्व्हलकडे. ऑर्व्हल हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर ताठा वगैरे काही नव्हता. तो फक्त भुकेला, थकलेला माणूस होता, सकाळभर थंडीत बसून आलेला. डेनीने माझ्याकडे बघितलं. मी एक बूट काढत होतो तो काढतच राहिलो. पाच म्हातारे आणि एक डेनी, जो त्रेपन्नचा आहे आणि स्वतःला पोरगा समजतो. कुणाच्याही पोटातून आवाज आला की सगळ्यांना ऐकू जात होता.

शेवटी डेनी उठला. फळीवरून घेवड्याचे तीन डबे काढले, उघडले, आणि चमचे टेबलावर फेकले. शेगडी पेटवली नाही. आम्ही डब्यांतूनच खाल्लं, फिरवत फिरवत.

"गार आहे हे," ऑर्व्हल म्हणाला.

डेनीने त्याला शिवी हासडली. शिकारी शिकाऱ्याला देतो ती, आईवरची. ऑर्व्हलने मान डोलावली आणि डबा पुढच्याला दिला.

दोन वाजता पुन्हा निघायची वेळ झाली. तो टेबलाला धरून उठला, पहिल्या झटक्यात नाही, तिसऱ्या. बंदूक घेतली. बाकी कुणाला मी दार उघडून दिलं नव्हतं, त्यालाही दिलं नाही.